टर्मिनलमधल्या एडिटरात बटणं भलतंच करतात तेव्हा: आधी बाइट बघा

वरच्या बाणाचं बटण दाबलं की कर्सर वर जाण्याऐवजी नवी ओळ उघडते आणि तिच्यात ‘ए’ हे इंग्रजी अक्षर उमटतं. बॅकस्पेस दाबलं की अक्षर पुसलं जाण्याऐवजी ^? किंवा ^एच छापलं जातं. डिलीट दाबलं की अक्षर जात नाही, लहानाचं मोठं होतं. एस्केप दाबलं की एडिटर क्षणभर गप्प बसतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, व्हिम, नॅनो किंवा ईमॅक्स हे एडिटर वापरणाऱ्यांच्या वाट्याला यातलं काही ना काही कधीतरी येतंच. मग कुठूनतरी मिळालेली एक ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये चिकटवली जाते, तेवढ्यापुरतं काम भागतं, आणि नवा सर्व्हर आला, टर्मिनल बदललं किंवा टीमक्स (एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्रॅम) वापरायला घेतलं की तेच दुखणं परत.

ते परत येतं, कारण बिघाड एका टप्प्यावर असतो आणि मलमपट्टी दुसऱ्याच टप्प्यावर केलेली असते. टर्मिनल चुकीचा बाइट पाठवत असेल आणि तुम्ही व्हिममध्ये तो बाइट ‘बॅकस्पेस समज’ असं शिकवलंत, तर व्हिम सुधारतो. शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम), नॅनो, पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम सगळे तसेच राहतात. म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधायचं. यात वेळ फार जात नाही, पण हे केल्याशिवाय बाकी सगळं अंधारात चाचपडणं आहे.

बटण ते एडिटर, मधे कोण कोण

खिडक्यांच्या साध्या प्रोग्रॅमला ‘अमुक बटण दाबलं, सोबत शिफ्ट होतं, आता सोडलं’ अशी सविस्तर खबर मिळते. टर्मिनलमधल्या एडिटरला असं काहीच मिळत नाही. त्याच्यापर्यंत येतात ते फक्त बाइट. ‘क्यू’ दाबलं तर एक बाइट, वरचा बाण दाबला तर तीन बाइट, आणि शिफ्ट एकटं दाबलं तर काहीच नाही.

वाट अशी आहे: कीबोर्ड, त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची कीबोर्ड मांडणी, त्यानंतर टर्मिनलचा प्रोग्रॅम (बटणाचं बाइटमध्ये रूपांतर इथे होतं), त्यानंतर कर्नलमधला टीटीवाय (सिस्टिमच्या गाभ्यातला, टर्मिनल आणि प्रोग्रॅम यांना जोडणारा दुवा), मग असेल तर एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी जोडणी), असेल तर टीमक्स किंवा त्याच्यासारखाच स्क्रीन हा प्रोग्रॅम, आणि शेवटी एडिटर. एडिटर ‘टर्म’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधलं नाव वाचतो, त्या नावाची नोंद टर्मइन्फोच्या साठ्यात शोधतो आणि आलेल्या बाइटचा अर्थ त्या नोंदीप्रमाणे लावतो. म्हणजे पाठवणारा आणि वाचणारा यांचं एकमत केवळ एका नावाच्या भरवशावर असतं. ते नाव चुकलं की बटणं चुकतात.

पुढे बाइट लिहिताना ^[ म्हणजे एस्केपचा बाइट, क्रमांक २७. ^ आणि पुढे अक्षर म्हणजे कंट्रोलसह ते अक्षर. ^? म्हणजे क्रमांक १२७.

पहिली तपासणी

टर्मिनलमध्ये ‘कॅट -व्ही’ चालवा आणि त्रास देणारं बटण दाबा. वरच्या बाणाला ^[[ए दिसेल, डिलीटला ^[[३~. लिनक्सवर ‘शोकी -ए’ याहून चांगलं, कारण ते प्रत्येक बाइटचा आकडा दाखवतं. कंट्रोल-डी दाबून बाहेर पडा. बॅकस्पेसची गोष्ट जरा वेगळी. ‘कॅट’ चालू असताना टीटीवाय स्वतःच अक्षर पुसून टाकतो, त्यामुळे तो बाइट दिसतच नाही. तिथे आधी कंट्रोल-व्ही दाबा आणि मग बॅकस्पेस, ^? किंवा ^एच समोर येईल. व्हिमच्या इन्सर्ट मोडमध्येही (मजकूर टाइप करायच्या तऱ्हेत) कंट्रोल-व्ही दाबून पुढचं बटण दाबलं की तेच दिसतं, आणि एडिटरला प्रत्यक्षात काय मिळतंय हे कळण्याची ती सर्वांत थेट खिडकी आहे.

हीच तपासणी टप्प्याटप्प्याने करायची. आधी आपल्याच यंत्रावर, टीमक्सशिवाय. मग टीमक्समध्ये. मग एसएसएचने गेलेल्या सर्व्हरवर. कुठे उत्तर बदललं ते लक्षात ठेवा.

पहिल्याच जागी काहीच उमटलं नाही, तर बटण टर्मिनलपर्यंत पोचण्याआधीच कोणीतरी गिळलंय, आणि एडिटरची सेटिंग कितीही बदलली तरी उपयोग नाही. उमटलं पण भलतंच उमटलं, तर दोष टर्मिनलच्या सेटिंगचा. बाहेर ठीक आणि टीमक्समध्ये वेगळं, तर टीमक्सकडे बघा. सगळीकडे बरोबर बाइट येताहेत आणि तरी एडिटर चुकतोय, तर ‘टर्म’चं नाव किंवा एडिटरची स्वतःची सेटिंग, या दोनच जागा उरतात.

इथे एक फसवी गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे लोक चालू असलेली सेटिंग मोडून बसतात. ‘टीपुट केसीयूयू१’ (टर्मइन्फोतली वरच्या बाणाची नोंद दाखवणारी आज्ञा) हिचा निकाल ‘कॅट -व्ही’तून बघितला तर तो सहसा ^[ओए असतो, पण बटण दाबल्यावर तुम्हाला ^[[ए दिसलेलं असतं. दोन्ही जुळत नाहीत, म्हणजे ‘टर्म’ चुकलं असा निष्कर्ष काढू नका. टर्मिनलला बाणाच्या बटणांसाठी दोन तऱ्हा येतात, साधी आणि अ‍ॅप्लिकेशन. १९७८ साली डेक या कंपनीने आणलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलपासून ही दुहेरी पद्धत आहे. एडिटर सुरू होताना टर्मिनलला अ‍ॅप्लिकेशन तऱ्हेत नेतो आणि बंद होताना परत साध्या तऱ्हेत आणतो. टर्मइन्फोमधली नोंद अ‍ॅप्लिकेशन तऱ्हेची असते. ‘कॅट’ मात्र तऱ्हा बदलत नाही. खरी तुलना हवी असेल तर आधी ‘टीपुट एसएमकेएक्स’ चालवा, मग ‘कॅट -व्ही’त बाण दाबून बघा, आणि शेवटी ‘टीपुट आरएमकेएक्स’ने पूर्वपदावर या.

बॅकस्पेस: एका बटणाचे दोन क्रमांक

सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट त्रास हाच. बॅकस्पेससाठी दोन बाइट चलनात आहेत: ८ आणि १२७. आठ हा अ‍ॅस्कीमधला मूळचा बॅकस्पेस, त्याचा अर्थ ‘एक घर मागे ये’ एवढाच. १२७ म्हणजे डिलीट. सात बिटांच्या कागदी पट्टीवर चुकलेलं अक्षर खोडायचं तर सातही जागी भोकं पाडायची, आणि सातही बिट एक म्हणजे १२७. म्हणून ‘खोडलेलं’ याचा हा क्रमांक. डेकच्या व्हीटी२२० टर्मिनलवर आजच्या बॅकस्पेसच्या जागेवरचं बटण १२७ पाठवायचं, आणि लिनक्सच्या जगात आज तीच रीत मान्य आहे: डेबियन या लिनक्स-वितरणाच्या धोरणात बॅकस्पेसला १२७ आणि डिलीटला ^[[३~ असं स्पष्ट ठरलेलं आहे. तरी ८ पाठवणारी टर्मिनलं आणि ८ ची अपेक्षा ठेवणाऱ्या यंत्रणा आहेतच.

म्हणून तीन गोष्टी एकमेकींशी जुळतात का ते बघायचं. टर्मिनल काय पाठवतं, ते वरच्या तपासणीत कळलं. टीटीवाय काय समजतो, ते ‘एसटीटीवाय -ए’च्या निकालात ‘इरेज’पुढे दिसतं. टर्मइन्फो काय म्हणतं, ते ‘टीपुट केबीएस’ सांगतं. शेलमध्ये ^? छापलं जात असेल तर टीटीवाय ^एच धरून बसलाय. त्याला ‘एसटीटीवाय इरेज’ लिहून पुढे अवतरणात ^? दिलं की समजतं, पण हा उपाय त्या एका सत्रापुरताच आहे.

माझं मत स्पष्ट आहे: बदल टर्मिनलमध्ये करा आणि त्याला १२७ पाठवायला लावा. पुटीमध्ये (विंडोजवरून सर्व्हरला जोडणारं टर्मिनल) टर्मिनल विभागातल्या कीबोर्डच्या पानावर बॅकस्पेससाठी कंट्रोल-एच की कंट्रोल-? असा थेट पर्याय आहे. बहुतेक टर्मिनलांत ‘कम्पॅटिबिलिटी’ किंवा ‘कीबोर्ड’ अशा नावाखाली तो सापडतो. तिथे एकदा नीट केलं की पुढच्या प्रत्येक सर्व्हरवर फायदा. प्रत्येक सर्व्हरच्या बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) ‘एसटीटीवाय’ची ओळ टाकत फिरणं हा तोच त्रास पुन्हा ओढवून घेण्याचा मार्ग आहे, कारण उद्या दुसऱ्या टर्मिनलमधून आलात की ती ओळच उलटी पडते.

ईमॅक्समध्ये याच दोषाचं रूप वेगळं दिसतं. तिथे कंट्रोल-एच म्हणजे मदत. टर्मिनल ८ पाठवत असेल तर अक्षर पुसायला जाल आणि मदतीची खिडकी उघडेल. ‘नॉर्मल-इरेज-इज-बॅकस्पेस-मोड’ने ते फिरवता येतं. नॅनोमध्ये बॅकस्पेस आणि डिलीटची अदलाबदल झाली असेल तर ‘सेट रीबाइंडडिलीट’ ही नॅनोआरसीतली ओळ आहे. टर्मिनल तुमच्या हातात नसेल, तेव्हा हे उपाय रास्त आहेत.

बाइट बरोबर आहे, पण व्हिममध्ये बॅकस्पेस फक्त आत्ता टाइप केलेलंच पुसतं आणि ओळीच्या सुरुवातीला अडून बसतं, ही तक्रार वेगळी. त्यात टर्मिनलचा काही संबंध नाही. व्हिममधल्या ‘बॅकस्पेस’ या पर्यायाला ‘इंडेंट’, ‘ईओएल’ आणि ‘स्टार्ट’ ही तीन मूल्यं स्वल्पविरामाने जोडून द्या, विषय संपला.

बाण दाबल्यावर अक्षरं का उमटतात

व्हिमच्या इन्सर्ट मोडमध्ये वरचा बाण दाबला आणि नवी ओळ उघडून ‘ए’ उमटला, तर काय झालं ते बाइट उलगडून बघा. आलं ^[ओए. एडिटरला हे एक बटण आहे हे कळलं नाही, म्हणून त्याने तीन वेगळी बटणं समजून आज्ञा पाळली: एस्केपने इन्सर्ट मोड सोडला, मोठ्या ‘ओ’ने वर नवी ओळ उघडली, आणि ‘ए’ मजकूर म्हणून टाकला. खालचा बाण ‘बी’ टाकतो, उजवा ‘सी’, डावा ‘डी’. एडिटर पाहिजे तसाच वागतोय, त्याला फक्त हे तीन बाइट एका बटणाचे आहेत हे ठाऊक नाही.

याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे व्हिमचा ‘कम्पॅटिबल’ मोड. डेबियन आणि उबुंटूवर ‘व्हीआय’ टाइप केलं की पुष्कळदा व्हिमची छोटी, ‘टायनी’ आवृत्ती उघडते आणि तिच्या व्यवस्थेच्या फाइलमध्येच ‘सेट कम्पॅटिबल’ लिहिलेलं असतं. त्या मोडमध्ये इन्सर्ट करताना एस्केपने सुरू होणारी बटणं ओळखलीच जात नाहीत. घरच्या फोल्डरातल्या व्हिमआरसीत ‘सेट नोकम्पॅटिबल’ लिहा, किंवा व्हिमची पूर्ण आवृत्ती बसवा. शक्य असेल तर दुसरा मार्गच धरा.

मूळच्या व्हीआयला, म्हणजे व्हिमच्या पूर्वजाला, ही अडचण फारशी जाणवली नसेल. बिल जॉय यांनी तो ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला, त्यावर बाणांची वेगळी बटणं नव्हती. बाण एच, जे, के आणि एल या बटणांवरच छापलेले होते. व्हिममध्ये आजही ही चार अक्षरं कर्सर हलवतात ती त्यामुळेच. परक्या सर्व्हरवर सगळं बिघडलेलं असताना फाइल दुरुस्त करायची वेळ आली तर ती चार बटणं हाताशी असू द्या. ती एकेका बाइटची आहेत, वाटेत मोडण्यासारखं त्यांच्यात काही नाही.

डिलीटने अक्षर लहानाचं मोठं होणं हाही याच जातीचा प्रकार. ^[[३~ ओळखलं गेलं नाही की शेवटचं ~ सुटं पडतं, आणि व्हिममध्ये ~ म्हणजे अक्षराचा आकार बदल.

पुटीतून गेल्यावर उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर १, २, ३ दाबून नवीन ओळी आणि क्यू, आर, एस अशी अक्षरं येत असतील, तर तो पॅड अ‍ॅप्लिकेशन तऱ्हेत गेलाय, तिथे १ साठी ^[ओ आणि पुढे लहान क्यू जातं. पुटीच्या टर्मिनल विभागात ‘फीचर्स’च्या पानावर अ‍ॅप्लिकेशन कीपॅड मोड बंद करायची चौकट आहे.

‘टर्म’ला खोटं बोलायला लावू नका

बॅशआरसीत ‘टर्म’ला ‘एक्सटर्म-२५६कलर’ असं ठोकून बसवणारी ओळ मी जिथे दिसेल तिथून काढायला सांगतो. रंग नीट दिसावेत म्हणून लोक ती टाकतात. पण ही ओळ टीमक्सच्या आतल्या शेलमध्येही चालते, आणि टीमक्स काही एक्सटर्म (त्या नावाचं टर्मिनल) नाही. टीमक्स होम आणि एंड या बटणांसाठी ^[[१~ आणि ^[[४~ पाठवतं, एक्सटर्मच्या नोंदीत त्यांच्यासाठी ^[ओएच आणि ^[ओएफ आहे. मग होम-एंड चालेनासं होतं आणि माणूस कीबोर्डला दोष देत बसतो.

‘टर्म’ ठरवायचं काम टर्मिनलचं. टीमक्सच्या आत ते ‘टीमक्स-२५६कलर’ किंवा ‘स्क्रीन-२५६कलर’ असलं पाहिजे, आणि ते टीमक्सच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट-टर्मिनल’ला द्यायचं, शेलमध्ये नाही.

उलट अडचणही येते. अलीकडची काही टर्मिनलं स्वतःचं वेगळं नाव सांगतात, उदाहरणार्थ किटी ‘एक्सटर्म-किटी’ सांगतं. जुन्या सर्व्हरला ते नाव माहीत नसतं आणि एडिटर उघडतानाच ‘अननोन टर्मिनल टाइप’ अशी तक्रार येते. तिथे नाव बदलण्याऐवजी नोंदच तिकडे पोचवा. आपल्या यंत्रावर ‘इन्फोसीएमपी -एक्स’ चालवायचं, त्याचा निकाल पाइपने एसएसएचकडे द्यायचा, आणि सर्व्हरवर ‘टिक -एक्स -’ने तो वाचून घ्यायचा. सर्व्हरचे अधिकार नसले तरी नोंद घरच्या फोल्डरातल्या टर्मइन्फोमध्ये बसते, आणि हा उपाय प्रत्येक सर्व्हरवर एकदाच करावा लागतो.

एवढं करूनही ‘सुडो व्हीआय’ने (रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने) फाइल उघडली की जुनं दुखणं दिसतं अशी तक्रार येते. तिथे एडिटर रूटच्या नावाने चालतो, म्हणून तुमची व्हिमआरसी आणि घरची टर्मइन्फो दोन्ही त्याला दिसत नसण्याची शक्यता मोठी. ‘सुडो -ई’ (अक्षर लहान) वापरा. त्यात एडिटर तुमच्याच नावाने, तुमच्याच सेटिंगसह चालतो आणि जतन केलेली फाइल नंतर जागेवर ठेवली जाते. सुरक्षेच्या दृष्टीनेही हेच बरं.

एस्केपचा उशीर

एस्केप हे स्वतंत्र बटण आहे आणि बाण, डिलीट, एफ१ वगैरे बटणांची सुरुवातही त्याच बाइटने होते. ^[ आला की एडिटरला प्रश्न पडतो: माणसाने एस्केप दाबलं, की मागून अजून काही येतंय? उत्तर कळायला वाट बघण्यावाचून इलाज नाही. तो उशीर म्हणजे ही वाट.

व्हिममध्ये ‘टाइमआउटलेन’ मुळात १००० मिलिसेकंद आहे, आणि ‘टीटाइमआउटलेन’ वेगळं दिलं नसेल तर बटणांच्या बाइटसाठीही तेच लागू होतं. ‘सेट टीटाइमआउट’ आणि ‘सेट टीटाइमआउटलेन’ला ५० किंवा १०० द्या. ‘टाइमआउटलेन’ मात्र कमी करू नका, नाहीतर दोन-तीन बटणांचे तुमचे स्वतःचे शॉर्टकट हाताला लागेनासे होतील.

मधे टीमक्स असेल तर तोही स्वतः वेगळा थांबतो. त्याच्या ‘एस्केप-टाइम’चं मूल्य जुन्या आवृत्त्यांत ५०० मिलिसेकंद होतं, आणि अर्धा सेकंद हाताला चांगलाच जाणवतो. १० किंवा २० पुरे. काही जण शून्य देतात. मी देत नाही. संथ जोडणीवर एका बटणाचे तीन बाइट दोन तुकड्यांत पोचू शकतात. वाट बघायचीच नाही असं ठरवलं, तर पहिला तुकडा एस्केप धरला जातो आणि बाण पुन्हा अक्षरं टाकू लागतो. बाण ‘अधूनमधून’ बिघडतात, एसएसएचवरच बिघडतात, अशी तक्रार असेल तर हे मूल्य आधी बघा.

ऑल्टचं गणितही इथेच येतं. बहुतेक टर्मिनलं ऑल्ट-जे साठी एस्केप आणि जे असे दोन बाइट पाठवतात. म्हणून एस्केप दाबून लगेच जे दाबणं आणि ऑल्ट-जे दाबणं एडिटरला एकच वाटू शकतं. मॅकवर ऑप्शन दाबून चित्रविचित्र अक्षरं येत असतील आणि नॅनोमधले मेटाचे (म्हणजे ऑल्टचे) शॉर्टकट चालत नसतील, तर टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये ऑप्शनला मेटा मानण्याच्या चौकटीत टिक करा.

जी बटणं एडिटरपर्यंत पोचूच शकत नाहीत

कंट्रोल-आय आणि टॅब यांना वेगळं काम द्यायचं आहे, ते जमत नाही, असं विचारणारे पुष्कळ आहेत. जुन्या पद्धतीत ते जमणारच नाही. कंट्रोल दाबलं की अक्षराच्या क्रमांकातले खालचे पाच बिट तेवढे उरतात. मोठ्या ‘आय’चा क्रमांक ७३, त्याचा उरतो ९, आणि ९ म्हणजेच टॅब. ‘एम’चा ७७, उरतो १३, म्हणजे एंटर. ‘[’चा ९१, उरतो २७, म्हणजे एस्केप. ‘एच’चा उरतो ८, तो वर भेटलाच. फरक टर्मिनलमध्येच पुसला जातो, एडिटरला तो कळायला काही उरत नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस आणि कंट्रोल-एस, शिफ्ट-एंटर आणि एंटर यांचंही तेच. म्हणून व्हिमच्या नॉर्मल मोडमध्ये (आज्ञा द्यायच्या तऱ्हेत) टॅबला नवं काम दिलं की कंट्रोल-आयचं, उड्यांच्या यादीत पुढे जाण्याचं, काम आपोआप जातं.

हा फरक हवाच असेल तर टर्मिनल, टीमक्स आणि एडिटर तिघांनाही नवी, विस्तृत पद्धत यावी लागते. एक्सटर्मचं ‘मॉडिफाय-अदर-कीज’ ही एक पद्धत, किटी टर्मिनलने आणलेला कीबोर्ड प्रोटोकॉल ही दुसरी. टीमक्समध्ये ३.२ पासून ‘एक्स्टेंडेड-कीज’ हा पर्याय आहे. साखळीतला एक जरी जुना असला तरी सगळं जुन्या पद्धतीवर येतं, हे गृहीत धरूनच शॉर्टकट निवडा.

वाटेत गिळलेली बटणं

कंट्रोल-एस दाबलं आणि पडदा गोठला, काही टाइप होईना: कंट्रोल-क्यू दाबा. हे टेलिटाइपच्या काळातले ‘थांब’ आणि ‘चालू कर’ असे संकेत आहेत, क्रमांक १९ आणि १७, आणि टीटीवाय ते अजून पाळतो. गोठलेल्या काळात दाबलेली बटणं हरवलेली नसतात, सुटल्यावर सगळी एकदम एडिटरवर येतात, म्हणून घाबरून काहीबाही दाबत सुटू नका. कायमचं बंद करायला बॅशआरसीत ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’, पण समोर खरंच टर्मिनल आहे का ते आधी तपासणारी अट घालून. नाहीतर टर्मिनलशिवाय चालणाऱ्या कामांत ती ओळ चूक दाखवत राहते.

कंट्रोल-झेडने एडिटर ‘गायब’ झाला तर तो बंद झालेला नाही, निजलाय. ‘एफजी’ लिहून परत आणा. तीच फाइल नव्याने उघडलीत तर व्हिम स्वॅप फाइलचा इशारा देईल, आणि तो ऐकण्यासारखा असतो.

बाकीची यादी झटपट. एफ१, एफ१०, एफ११ ही बटणं जीनोम टर्मिनल मदत, मेनू आणि पूर्ण पडद्यासाठी स्वतःकडे ठेवतं. विंडोज टर्मिनलमध्ये कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट, त्यामुळे व्हिममधली उभी निवड होत नाही. मॅकवर कंट्रोलसह डावा-उजवा बाण डेस्कटॉप बदलतो. ब्राउझरमधल्या टर्मिनलात नॅनोच्या शोधासाठी कंट्रोल-डब्ल्यू दाबलंत तर अख्खा टॅबच बंद होईल. तिथे एफ६ वापरा. स्क्रीनमध्ये कंट्रोल-ए आणि टीमक्समध्ये कंट्रोल-बी हे त्यांचे स्वतःचे. एडिटरपर्यंत ते पोचवायचे तर स्क्रीनमध्ये कंट्रोल-एनंतर नुसतं ए दाबा, टीमक्समध्ये कंट्रोल-बी दोनदा दाबा. लॅपटॉपवर एफच्या बटणांनी आवाज कमी-जास्त होत असेल तर एफएनचं कुलूप उघडा.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक खास मुद्दा. इनस्क्रिप्ट मांडणी चालू राहिली आणि तुम्ही व्हिमच्या नॉर्मल मोडमध्ये आलात, तर एच-जे-के-एलच्या जागी प, र, क, त पोचतात, आणि प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. इन्सर्टसाठी ‘आय’ दाबाल तर जातो ग. अपूर्णविरामाच्या बटणावर छ आहे, त्यामुळे फाइल जतन करून बाहेर पडायची आज्ञासुद्धा लिहिता येत नाही. एडिटर अडकलाय असं वाटतं, प्रत्यक्षात मांडणी बदलायची राहिलेली असते. नियमित मराठी लिहिणाऱ्यांनी व्हिममधला ‘लँगमॅप’ हा पर्याय बघावा. त्यात नॉर्मल मोडपुरती देवनागरी अक्षरं रोमन आज्ञांना जोडता येतात. आणि कॅप्स लॉकही बघा: जे आणि के दाबल्यावर कर्सर हलण्याऐवजी ओळी जोडल्या जात असतील किंवा मदतीचं पान उघडत असेल, तर तेच चालू आहे.

शेवटची जागा: एडिटर स्वतः

सगळीकडे बाइट बरोबर, ‘टर्म’ बरोबर, तरी बटण चुकतंय, तर एखाद्या प्लगइनने ते घेतलंय का बघा. व्हिममध्ये ‘व्हर्बोज आयमॅप’ लिहून पुढे बटणाचं नाव दिलं की ते कोणत्या फाइलने बांधलंय तेही कळतं. सगळ्या सेटिंग बाजूला ठेवून बघायला ईमॅक्स ‘-क्यू’ने (अक्षर मोठं), नॅनो ‘-आय’ने (हेही मोठं) आणि व्हिम ‘--क्लीन’ने उघडा. व्हिमसाठी ‘-यू नन’ वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो इथे टाळा. त्याने ‘कम्पॅटिबल’ मोड चालू होऊ शकतो, बाणांचा दोष नव्याने उभा राहतो आणि तपासणी भलत्याच दिशेला जाते.

एडिटर मधेच मारला गेला आणि नंतर शेलमध्येच बटणं विचित्र वागू लागली, पेस्ट केलेल्या मजकुराच्या आगेमागे २००~ आणि २०१~ दिसू लागलं, टाइप केलेलं दिसेना, तर टर्मिनल एडिटरने लावलेल्या तऱ्हेतच अडकलंय. ‘रीसेट’ लिहा. एंटर दाबल्यावर नुसतं ^एम उमटत असेल तर एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबा, ‘रीसेट’ टाइप करा (दिसणार नाही, तरी करा) आणि पुन्हा कंट्रोल-जे.